वाचकांचे प्रश्न : संवाद मावत नाहीत, चिप दर वेळी वेगळंच सांगते

प्रश्न : निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या गेमयंत्रावरच्या एका जपानी गेमचं इंग्रजी भाषांतर करतोय. एक संवाद लांबला की पुढचे सगळे संवाद भलत्याच अक्षरापासून सुरू होतात. शिवाय मूळ जागेत इंग्रजी मावतच नाही. काय करावं?

उत्तर : पुढचे संवाद बिघडतात, कारण पॉइंटर जुनेच राहिलेत. प्रत्येक संवाद कुठे सुरू होतो त्याचा २ बाइटांचा पत्ता, म्हणजेच पॉइंटर, रॉममधल्या (गेमच्या कायमच्या डेटामधल्या) एका तक्त्यात असतो, आणि या यंत्रातल्या ६५०२ घराण्यातल्या प्रोसेसरसाठी खालचा बाइट आधी लिहिलेला असतो. संवाद हेक्स (१६ च्या पायाची संख्यापद्धत) ९३४० वर असेल तर तक्त्यात ४० ९३ शोधा. फाइलमधली जागा काढायची रीत अशी : बँकेचा, म्हणजे रॉमच्या तुकड्याचा, क्रमांक (शून्यापासून मोजून) गुणिले ४०००, अधिक पत्ता, वजा ८०००, अधिक १०. सगळं हेक्समध्येच. ते शेवटचे १० म्हणजे आयएनईएस फाइलच्या (रॉमच्या नकलेचं नेहमीचं स्वरूप) सुरुवातीचे १६ बाइट; लोक नेमके तेच विसरतात. ५ क्रमांकाच्या बँकेतला ९३४० फाइलमध्ये १५३५० वर सापडेल. हे गणित १६ केबीची बँक ८००० वर लागते अशा कार्ट्रिजचं. एमएमसी३ या बँका बदलणाऱ्या चिपच्या बँका ८ केबीच्या असतात, तेव्हा तिथे कुठली बँक कुठल्या पत्त्यावर लागते ते आधी डीबगरमध्ये (चालू गेमच्या आत डोकावायचं साधन) बघून घ्या.

जागेचं दुखणं वेगळं. 'काना' या जपानी लिपीतल्या एका अक्षराला एक बाइट पुरतो, त्याच उच्चाराला इंग्रजीत दोन-तीन लागतात. जादा संवाद दुसऱ्या बँकेत हलवावेत, तर १६ बिटांच्या पॉइंटरला बँक कळत नाही आणि छपाईचा कोडच बदलावा लागतो. त्याआधी डीटीई, म्हणजे एका कोडमध्ये दोन अक्षरं बसवण्याची युक्ती, करून पाहा. काना काढल्यावर मोकळे झालेले कोड अक्षरांच्या जोड्यांना द्यायचे. १२८ पासून वरचे सगळे मिळाले तर १२८ जोड्या होतात आणि तक्ता जेमतेम २५६ बाइट खातो. जोड्या अंदाजाने ठरवू नका. तुमच्याच संवादांवर मोजणी चालवा. 'टी-एच' आणि शब्दाच्या शेवटचा 'ई' अधिक मोकळी जागा बहुधा वर येतील. नायकाचं नाव घालणारे आणि ओळ तोडणारे कंट्रोल कोड मात्र या जोड्यांच्या कोडांमध्ये येऊ देऊ नका.

डीटीई हमखास अडकतं ते दोन ठिकाणी. ओळ मोजणारा काउंटर एका कोडला एकच अक्षर धरतो आणि मजकूर चौकटीबाहेर सांडतो. जोडी आली की तो दोनदा वाढवा. दुसरं ठिकाण व्हीब्लँक, म्हणजे दोन फ्रेमांमधली पडद्याचा मजकूर बदलायची सवड. ६० हर्ट्झच्या यंत्रावर तिथे प्रोसेसरच्या सुमारे २२७० सायकल मिळतात, त्यातल्या ५१३ च्या आसपास स्प्राइटच्या (हलत्या चित्रांच्या) डीएमएला, म्हणजे थेट नकलेला, जातात. म्हणून जोडीतलं दुसरं अक्षर राखून पुढच्या फ्रेमला छापा. नाहीतर ढिल्या एम्युलेटरवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) सगळं छान दिसेल आणि खऱ्या यंत्रावर पडद्यावर कचरा येईल.

प्रश्न : अशा गेममध्ये देवनागरी बसवता येईल का?

उत्तर : येईल, पण सुखासुखी नाही. टाइल, म्हणजे चित्राचा एक चौकोन, ८ बाय ८ पिक्सेलची, १६ बाइटांची. पार्श्वभूमीला साधारणपणे एका वेळी २५६ टाइल, त्यातच नकाशाही आला. एक गोष्ट पथ्यावर पडते : बऱ्याच जपानी गेममध्ये मजकुराच्या ओळीवर एक रांग मोकळी असते, कारण 'का'चा 'गा' करणाऱ्या दोन रेघा तिथे छापतात. ती मात्रा आणि अनुस्वारांना आयती मिळते. उकार आणि जोडाक्षरं मात्र घाम फोडतात. प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र टाइल द्यायला गेलात तर २५६ कधीच संपतील. कार्ट्रिजमध्ये सीएचआर-रॅम (टाइलची बदलता येणारी मेमरी) असेल तर लागतील तेवढीच अक्षरं ऐन वेळी टाइलमध्ये रेखाटता येतात. सीएचआर-रॉम (न बदलणारी) असेल तर तो मार्ग बंद.

प्रश्न : काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या) चिपांचं एक प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीआधीच्या नमुन्याचं, कार्ट्रिज मिळालंय. चिप दोनदा वाचली तर दोन वेगळ्या फाइल येतात. खरी कोणती?

उत्तर : बहुधा दोन्ही थोड्या थोड्या. ईप्रॉममध्ये कोरा बिट १ असतो आणि लिहिलेला ०. साठवलेला विद्युतभार गळत गेला की ० चा १ होतो. त्यामुळे चिप चांगली दहा वेळा वाचा, आणि फाइलींमध्ये जिथे फरक आहे तिथे ० वर जास्त विश्वास ठेवा. मात्र पायांवर गंज असेल तर हा नियम लागू नाही. आधी ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग प्रोग्रामरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर) चिपचा पुरवठा ५ व्होल्टवरून ४.७५, ४.५ असा टप्प्याटप्प्याने उतरवा. कमी व्होल्टेजला कमकुवत सेल कमी वाहते आणि पुन्हा ० वाचली जाते. फार खाली गेलात तर सगळाच डेटा कोलमडतो. ती खूण दिसली की थांबा.

प्रोग्रामरमधली चिप आपोआप ओळखण्याची सोय आधी बंद करा. ती ए९ पायावर सुमारे १२ व्होल्ट देते आणि पाय-रचना वेगळी असलेली जुनी चिप त्यात जायबंदी होऊ शकते. प्रकार चिपवरूनच वाचा : २७सी२५६ म्हणजे ३२ केबी, २७सी५१२ म्हणजे ६४, २७सी०१० म्हणजे १२८. खिडकीवरचं लेबल मात्र सोलू नका. थेट उन्हात चिप साधारण आठवड्याभरात पुसली जाते, आणि हाताने लिहिलेली तारीख हा कित्येकदा एकमेव पुरावा असतो.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेमयंत्राच्या प्रोटोटाइपमध्ये सम-विषम बाइट दोन चिपांत विभागलेले आढळतात. दोन्ही वाचून एकाआड एक गुंफा. हेडरमधली तपासणीची बेरीज (चेकसम) जुळली नाही म्हणून लगेच डंप, म्हणजे चिपची काढलेली नक्कल, चुकला असं समजू नका. अर्धवट आवृत्तीत ती बेरीज बऱ्याचदा भरलेलीच नसते.

प्रश्न : भाषांतर होऊन डब्यात गेलेला आणि पुढे अधिकृतपणे आलेला गेम आहे का?

उत्तर : 'मदर'. फॅमिकॉमवर १९८९ मध्ये आला, इंग्रजी आवृत्ती १९९० मध्ये तयार होऊनही विक्रीला गेली नाही. १९९८ मध्ये प्रोटोटाइपचा डंप बाहेर पडला आणि २०१५ मध्ये निन्टेन्डोने तो वी यू या गेमयंत्रावर 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' नावाने दिला. इंग्रजीसाठी थडग्यांवरचे क्रूस काढले, धावायचं बटण घातलं, शेवट लांबवला. यातले बरेच बदल २००३ च्या जपानी गेम बॉय अॅडव्हान्स आवृत्तीतही आले. 'अर्थबाउंड झीरो' हे नाव चाहत्यांचं, कंपनीचं नव्हे.

प्रश्न : सुपर एनईएसच्या गेमला आयपीएस पॅच (फक्त बदल साठवणारी फाइल) लावला, तर काळा पडदा येतो.

उत्तर : फाइलचा आकार १०२४ ने भागा. बाकी ५१२ उरली तर सुरुवातीला जुन्या कॉपियरचं (कार्ट्रिजची नक्कल काढणाऱ्या उपकरणाचं) हेडर आहे. ते काढून पुन्हा लावा (पॅचच हेडरवाल्या फाइलसाठी असेल तर उलट करा). आयपीएस मूळ फाइल तपासत नाही, चुकीच्या रॉमवरही मुकाट चिकटतो. स्वतःचा पॅच देताना बीपीएस वापरा, त्यात चेकसम असतो.