वाचकांचे प्रश्न : रंग पाठ आहेत, पण पाणी मागत नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. रेड-ब्लू-यलो, ए टू झेड, वन टू टेन सगळं घडाघडा म्हणतो, मोबाईलवरच्या गाण्यांवरून शिकला. पण पाणी हवं असेल तर माझा हात धरून ओढत नेतो, तोंडाने 'पाणी' म्हणत नाही. स्वतःहून वापरतो असे पंधराएक शब्द असतील. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाबाही तसाच होता. थांबू का?

उत्तर : थांबू नका. सासूबाईंशी वाद घालायची गरज नाही, अपॉइंटमेंट मात्र घेऊन टाका. मुलगे बोलण्यात मुलींपेक्षा किंचित मागे असतात हे खरंय, पण तो फरक थोडाच असतो, त्याच्या भरवशावर वर्षभर बसून राहता येत नाही. 2 वर्षांचं मूल साधारण पन्नासेक शब्द वापरतं आणि दोन शब्द जोडायला लागतं, 'बाबा गेले', 'अजून दे' असं. आणि हो, पाठ केलेले रंग-आकडे ह्यात धरायचे नाहीत, कारण त्यातून तो कुणाला काही सांगत नाहीये.

पहिलं काम कानांची तपासणी. 'दाराची बेल वाजली की धावत येतो, त्याला ऐकू येतं' असं घरी सगळेच म्हणतात, पण मोठे आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात, सारखी सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी असं होतं. मग बालरोगतज्ज्ञ, गरज असेल तर स्पीच थेरपिस्ट. जाताना दोन गोष्टी नीट बघून जा : नावाने हाक मारली की वळून बघतो का, आणि एखादी मजेशीर गोष्ट दिसली की नुसती तुम्हाला दाखवायला म्हणून बोट करतो का (हवी म्हणून नाही, दाखवायला). हात ओढत नेतो हेही सांगा. ह्यावरून घरबसल्या निदान करू नका आणि रात्रभर गूगल तर अजिबात करू नका.

आता मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की पहिल्या वर्षात स्क्रीन नकोच, 1 वर्षाच्या मुलालाही नको, आणि 2 ते 4 वर्षांत दिवसाला 1 तासाच्या वर नको, कमी तर अजून चांगलं. पण मला त्या तासापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बाळं भाषा कशी शिकतात ह्याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक अभ्यास छापला होता, 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांसोबत काही जणांनी 12 वेळा बसून मँडरिन ह्या चिनी भाषेत गप्पा मारल्या, खेळले, पुस्तकं वाचली, आणि त्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता यायला लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं तर काहीच फरक पडला नाही. स्क्रीन बाळाकडे बघत नाही, त्याने काहीतरी पुटपुटलं तर थांबत नाही, उत्तर देत नाही, सगळी गोम तिथे आहे.

म्हणून उद्यापासून एवढं करा. हात ओढत नेला की खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, ग्लास हातात धरून म्हणा 'पाणी? पाणी हवं?' आणि गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा, आपल्याला हे पाच आकडे फार लांब वाटतात पण त्याला तेवढा वेळ लागतो. 'पा' म्हटलं, नुसतं बघितलं, काहीही केलं तरी पाणी द्या. बोलल्याशिवाय देणार नाही हा हट्ट मात्र करू नका, तहानलेलं पोर रडेल, बोलणार नाही. मोजे घालताना, आंघोळ घालताना, कपड्यांच्या घड्या घालताना असंच बोलत राहा, छोटी वाक्यं, मग थांबणं. घरात दोन भाषा असतील तर एक बंद करू नका, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. तिच्या वर्गातली एक मुलगी 'अ' ते 'ज्ञ' लिहिते, हिची पेन्सिल हातात टिकत नाही, गिरवायला बसवलं की टेबलाखाली जाते. रोज अर्धा तास बसवावं का?

उत्तर : टेबलाखाली जाते म्हणजे हुशार आहे! 3 वर्षांचं मूल बघून गोल काढतं, 4 च्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचारच्या सुमारास चौकोन, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण जमायला 5 उजाडतं. आता 'अ' नीट बघा, दोन गोलाया, मधली आडवी रेघ, उभा दांडा, वर शिरोरेघ. साडेतीन वर्षांच्या हाताकडून हे मागणं जरा जास्तच नाही का? मनगटातली आठ छोटी हाडं जन्माच्या वेळी मऊ, लवचिक कूर्चेची असतात, एकेक करत टणक होतात, शेवटचं तर 8 वर्षांनंतर. हाताची पकडही आधी खांदा, मग कोपर, मग बोटं अशी उतरत येते. तेव्हा लोंबकळू दे, माती मळू दे, कपड्यांचे चिमटे उघडून डब्याच्या काठाला लावू दे, भिंतीवर मोठा कागद चिकटवून उभ्याने रंगवू दे. जाड आखूड खडू द्या, लांब खडू मुठीत धरतात, तुकडा बोटांत धरावाच लागतो. गोष्टी मात्र रोज वाचून दाखवा, अक्षरांची गोडी तिथूनच लागते. दुसरी मुलगी लिहिते तर लिहू दे.

प्रश्न : नातू 3 वर्षांचा, प्लेग्रुपच्या दारात रोज आकांत करतो. सूनबाई त्याची नजर चुकवून निघून येते. बरोबर आहे का?

उत्तर : आजोबा, नाही. नजर चुकवून गेलं की आई कधीही गायब होऊ शकते हे त्याला कळतं आणि दुसऱ्या दिवशी तो अजून घट्ट धरतो. 'मी जाते, झोपून उठलास की येते', एक पापा, आणि वळून निघायचं, दारात रेंगाळायचं नाही. सांगितलेल्या वेळेला पोहोचायचंच. पाठ फिरल्यावर तो किती वेळ रडतो ते प्लेग्रुपच्या ताईंना विचारा, बरीच मुलं काही मिनिटांत खेळायला लागतात. दोन-तीन आठवड्यांनंतरही दिवसभर रडत असेल, खाणं-झोप बिघडली असेल तर शिक्षकांसोबत बसून बोला, सुरुवातीला कमी तास ठेवता येतील का तेही विचारा.