वाचकांचे प्रश्न : काउबॉय नेमबाजीतील अस्सल आणि प्रतिकृती

अमेरिकेतील ‘काउबॉय ॲक्शन शूटिंग’ या नेमबाजीच्या प्रकाराविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : ॲरिझोनात स्थायिक झालेला माझा मावसभाऊ रुंद काठाची टोपी आणि उंच बूट घालून दर महिन्याला एका नेमबाजीच्या स्पर्धेला जातो. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांतील बंदुका सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या वाटतात. त्या खरोखरच तितक्या जुन्या असतात का? — एक वाचक, पुणे

उत्तर : बहुतेक नसतात आणि तशी सक्तीही नसते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दक्षिण कॅलिफोर्नियातील काही नेमबाजांनी हा प्रकार सुरू केला आणि १९८७ मध्ये ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ स्थापन झाल्यावर त्याला लेखी नियमांची चौकट मिळाली. साधारणपणे १८९९ पर्यंत प्रचारात आलेल्या नमुन्यांची शस्त्रे असावीत, मग ती अस्सल असोत किंवा प्रतिकृती, एवढीच नियमांची अपेक्षा आहे. प्रत्येक स्पर्धकाजवळ चार शस्त्रे असतात. त्यांपैकी दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर असतात, म्हणजे प्रत्येक बार काढण्यापूर्वी अंगठ्याने घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा खटका) मागे ओढावाच लागतो. तिसरी असते लिव्हर खालीवर करून काडतूस नळीत सरकवणारी आणि रिव्हॉल्व्हरचीच काडतुसे वापरणारी रायफल. चौथी छर्ऱ्यांची बंदूक, जी दुनळी असते किंवा १८८७ ची लिव्हरवाली अथवा १८९७ ची पंपवाली, विंचेस्टर कंपनीची. पोलादी लक्ष्ये मोठी आणि जवळ असतात. वेळ घड्याळावर मोजली जाते आणि चुकलेल्या प्रत्येक नेमापोटी तीत पाच सेकंद मिळवले जातात. वेशभूषा आणि टोपणनाव हाही खेळाचाच भाग आहे. एकाने नोंदवलेले टोपणनाव दुसऱ्याला मिळत नाही, त्यामुळे आपल्या मावसभावाला त्याचे टोपणनाव जरूर विचारावे.

ऐतिहासिक अचूकतेचा आग्रह येथे दिसतो त्याहून बराच सैल आहे. या मैदानांवर अतिशय लोकप्रिय असलेले .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ चे, म्हणजे गुरांचे मोठे तांडे हाकण्याचा काळ सरून गेल्यानंतरचे आहे. त्याचा धक्का सौम्य असतो आणि ते स्वस्त पडते, म्हणून १८७३ च्या विंचेस्टर रायफलीच्या प्रतिकृती या काडतुसासाठीही बनवल्या जातात. अस्सल रायफल त्यासाठी कधीच बनली नव्हती.

प्रश्न : माझे सासर टेक्सासचे आहे. सासऱ्यांकडे त्यांच्या आजोबांचे कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर आणि १८७३ नमुन्याची विंचेस्टर रायफल आहे. दोन्ही शस्त्रे चालतात. मी या खेळात उतरत असल्याचे कळल्यावर सासरे म्हणाले, ‘‘घरात अस्सल असताना नकली कशाला?’’ दिरांचे म्हणणे असे की, जुनी वस्तू खराब होईल, त्यापेक्षा इटलीत बनलेल्या प्रतिकृती घ्याव्यात. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, सॅन अँटोनियो

उत्तर : सल्ला दिरांचा ऐकावा, मात्र त्यांनी दिलेले कारण दुय्यम आहे. मुख्य प्रश्न शस्त्राच्या वयाचा नसून ते काडतुसातील कोणत्या दारूसाठी घडवले होते हा आहे.

१८७३ साली कोल्ट कंपनीने हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा काडतुसात काळी दारू असे. शंभर भागांत सुमारे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. .४५ कोल्टच्या मूळ काडतुसात तिचे सुमारे ४० ग्रेन भरले जात आणि काडतुसाची पोकळी त्यानेच भरून जाई. पुढे आलेली धूररहित दारू थोड्याशा प्रमाणातही तेवढेच काम करते, परंतु तिचा दाब वेगळ्या रीतीने व बराच अधिक चढू शकतो, आणि काडतुसात रिकामी जागा उरत असल्याने चुकून दुप्पट दारू पडली तरी बाहेरून कळत नाही. कोल्टने आपली रिव्हॉल्व्हर धूररहित दारूसाठी योग्य असल्याची हमी १९०० पासून दिली. त्यापूर्वीच्या शस्त्राचा सांगाडा आणि सिलिंडर ज्या मऊ धातूचा आहे, त्याला दुकानात मिळणारे आजचे काडतूस सोसेलच असे नाही. ‘‘गेल्या दिवाळीत दोन बार काढले, काही झाले नाही’’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. धातूला आलेला ताण दोन बारांत दिसत नसतो.

आपल्या सासऱ्यांचे रिव्हॉल्व्हर कोणत्या काळातले आहे याचा ढोबळ अंदाज घरीच घेता येईल. ते रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी, सिलिंडरचे सहाही कप्पे एकेक फिरवून डोळ्यांनी पाहावेत, आणि मग नळीच्या खाली, सांगाड्याच्या पुढच्या टोकाशी नजर टाकावी. सिलिंडरचा आस धरून ठेवणारा स्क्रू तिथे समोरून तिरपा बसवलेला असेल, तर सांगाडा जुन्या, काळ्या दारूच्या काळातील आहे. त्या जागी दोन्ही बाजूंना डोकावणारी, बोटाने दाबता येणारी स्प्रिंगची आडवी कळ असेल, तर तो १८९० च्या दशकातला किंवा नंतरचा आहे. कळ दिसली म्हणजे धूररहित दारू चालेलच असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण हा बदल १९०० च्या आधीच झाला होता. नेमके वर्ष अनुक्रमांकावरून कळते. कोल्टच्या जुन्या नोंदींचा दाखला देणारे पत्र शुल्क भरून मिळते. विंचेस्टरच्या पुष्कळशा नोंदी वायोमिंगमधील कोडी गावच्या शस्त्रसंग्रहालयात आहेत आणि तेथूनही असे पत्र मिळू शकते.

विंचेस्टर १८७३ बाबत आणखी थोडी सावधगिरी हवी. तिची खटक्याची रचना दोन सांधेदार कड्यांवर चालते. ती चालवायला लोण्यासारखी मऊ असली, तरी जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या १८९२ च्या रचनेइतकी मजबूत नाही. शिवाय काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात, त्यामुळे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या पेटवणीवर (बुडाशी असलेल्या, आघाताने पेट घेणाऱ्या भागावर) टेकते. म्हणून या रायफलीत चपट्या टोकाचीच गोळी वापरावी; हा नियम प्रतिकृतीलाही लागू आहे. तिसरी गोष्ट म्हणजे अस्सल १८७३ मुख्यतः .४४-४०, .३८-४० आणि .३२-२० या काडतुसांसाठी बनत असे. .४५ कोल्टमध्ये ती त्या काळी बनलीच नाही. तेव्हा सासऱ्यांचे रिव्हॉल्व्हर .४५ चे असेल, तर दोन्ही शस्त्रांना एकच काडतूस चालणार नाही आणि स्पर्धेच्या गडबडीत दोन प्रकारची काडतुसे एकत्र होण्याचा धोका राहील.

आता दिरांच्या कारणाकडे वळू. स्पर्धेत आणि सरावात मिळून वर्षाकाठी हजारो बार सहज होतात. जुन्या कोल्टच्या आतील पात्यासारख्या बारीक स्प्रिंगा तशाही मोडतात. त्या बदलता येतात, पण घासून गेलेली मूळ निळाई (पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर) परत आणता येत नाही आणि नवी चढवली तर संग्राहकांच्या लेखी किंमत घसरतेच. याउलट इटलीतील गार्दोने वाल त्रोम्पिया येथे १९५९ पासून प्रतिकृती बनवणाऱ्या उबेर्ती कंपनीची किंवा त्याच परिसरातील पिएत्ता कंपनीची रिव्हॉल्व्हरे आधुनिक पोलादाची असतात. तेथील सरकारमान्य चाचणीगृहात जादा दाबाचे बार काढून त्यांची परीक्षा होते आणि तसा शिक्का त्यांवर उमटवलेला असतो. अमेरिकेतील रुगर कंपनीचे १९९३ मधले ‘व्हॅकेरो’ बाह्यरूपाने जुने आणि आतून अधिक भक्कम आहे. अनेक स्पर्धक तेच निवडतात.

सासऱ्यांचे मन राखायचे असेल, तर एक मार्ग सुचवतो. या खेळात काळ्या दारूच्या काडतुसांचा स्वतंत्र गट असतो. जुन्या शस्त्रांची जाण असलेल्या गनस्मिथकडून कप्पे व नळी यांची जुळणी, घोड्याचे खटके आणि नळीची आतली बाजू तपासून घ्यावी. त्याने होकार दिला, तर वर्षातून एखाद्या छोट्या स्थानिक सामन्यात, मऊ शिशाची गोळी आणि काळी दारू एवढ्यावरच, सासऱ्यांच्या आजोबांचे कोल्ट मैदानात न्यावे. इतर वेळी ते कपाटात राहिलेले बरे.

आणखी एक गोष्ट दोन्ही पिढ्यांच्या शस्त्रांना लागू आहे. सहा कप्पे असले तरी भरायची काडतुसे पाचच. जुन्या कोल्टमध्ये घोड्याची टोचणी थेट काडतुसाच्या पेटवणीवर टेकते, त्यामुळे शस्त्र हातून पडले तर बार उडू शकतो. भरणीच्या टेबलावर पहिल्या कप्प्यात एक काडतूस घालतात, दुसरा रिकामा सोडतात, पुढच्या चारांत चार घालतात, मग घोडा पूर्ण मागे ओढून सावकाश खाली सोडतात. असे केले की टोचणी बरोबर रिकाम्या कप्प्यावर येते, आणि तेथील पंच ते पाहून घेतो. रुगरच्या आधुनिक रचनेत सहावे काडतूसही सुरक्षित असते, परंतु स्पर्धेत नियम सर्वांना सारखाच आहे.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करतो. प्रतिकृती ही ‘अँटिक’ समजली जाते, म्हणून तिला कायदा लागत नाही, असे एका सहकाऱ्याने सांगितले. ते खरे आहे का? — एक वाचक, एडिसन

उत्तर : अर्धे खरे आणि म्हणूनच घातक. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ मध्ये किंवा त्यापूर्वी प्रत्यक्ष बनलेले शस्त्र अँटिक ठरते. नमुना १८७३ चा असला, तरी प्रत्यक्ष शस्त्र १९०५ मध्ये बनले असेल तर ते अँटिक नव्हे. प्रतिकृतीला ही सवलत मिळते ती मुख्यतः टोपीवर (आघाताने ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर) किंवा चकमकीवर चालणाऱ्या, दारू आणि गोळी सुटी भरण्याच्या शस्त्रांना. दुकानात मिळणारे तयार काडतूस घेणारे उबेर्तीचे कोल्ट कायद्याच्या दृष्टीने कालच बनलेले रिव्हॉल्व्हर आहे. राज्यांचे कायदे याहून वेगळे असतात, आणि न्यू जर्सीत नव्याने बनलेल्या काळ्या दारूच्या शस्त्रांनाही परवानगी लागते.

आपल्या बाबतीत याहून गंभीर मुद्दा व्हिसाचा आहे. स्थलांतरित नसलेल्या, म्हणजे एच-१बीसह तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने शस्त्र किंवा दारूगोळा बाळगणे हा संघीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकारपरवाना असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. मैदानावर मित्राची रायफल हाती घेणे हेही बाळगणेच समजले जाऊ शकते, आणि शस्त्र अँटिक असले तरी काडतुसांवरची बंदी उठत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. या कायद्याची माहिती असलेल्या वकिलाशी बोलल्याशिवाय कशालाही हात लावू नये. एका रविवारच्या हौसेपायी व्हिसा पणाला लागू शकतो.

प्रश्न : टोपीवर चालणाऱ्या १८५१ च्या कोल्ट नेव्हीची पितळी सांगाड्याची प्रतिकृती स्वस्तात मिळते आहे. ती घ्यावी का? निगा फार राखावी लागते का? — एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : भिंतीवर लावायची असेल तर घ्यावी. भरपूर बार काढायचे असतील तर पोलादी सांगाडा घ्यावा, कारण जड भरणीने पितळ हळूहळू ताणले जाते आणि सिलिंडर सैल होतो. मूळ कोल्ट नेव्हीचा सांगाडाही पितळी नव्हता. पितळ अंतर्गत युद्धाच्या काळात दक्षिणेकडील काही कारखान्यांनी वापरले.

भरताना शिशाचा गोळा कप्प्यापेक्षा किंचित मोठा घ्यावा, म्हणजे दाबताना शिशाची बारीक कडी सोलून बाहेर येते. ती पूर्ण गोल निघाली तर कप्पा घट्ट बंद झाला असे समजावे. वर चरबीचा थर किंवा खाली तेलात भिजवलेली लोकरीची चकती असावी. कप्पा नीट बंद नसेल किंवा टोपी सैल असेल, तर एका बाराची ठिणगी शेजारच्या कप्प्यात शिरून तोही उडू शकतो.

निगा राखावीच लागते. काळ्या दारूची काजळी हवेतील ओलावा शोषते आणि एका रात्रीत गंज धरवते, त्यामुळे सामना झाला त्याच दिवशी सर्व भाग सुटे करून गरम साबणाच्या पाण्याने धुवावेत, पूर्ण कोरडे करावेत आणि तेल लावावे. खनिज तेलापेक्षा वनस्पती किंवा प्राणिज चरबीवर आधारित वंगण चांगले, कारण खनिज तेलात मिसळून ही काजळी डांबरासारखी चिकट होते.

प्रश्न : मुलगा अमेरिकेतून अशी एखादी प्रतिकृती आठवण म्हणून रत्नागिरीला आणणार आहे. चालेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बार काढू शकणारी प्रतिकृती परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या दृष्टीने ते शस्त्रच आहे. कोकणातील शेतकऱ्याला वानर-डुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक हवी असली, तरी शेतीसंरक्षण परवाना काढावा लागतो, हे आपणास ठाऊक असेलच. अमेरिकेत टपालाने घरपोच येणारी ठासणीची रिव्हॉल्व्हर मुंबईच्या विमानतळावर मात्र सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या टेबलावर अडकेल. मुलाला टोपी किंवा चामडी पट्टा आणायला सांगावे.