टर्नटेबल घुमतंय? आधी स्पीकर खाली उतरवा

तुमच्या शोकेसवर मधे टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि आवाज जरा वाढवला की 'हूंऽऽ' असं घुमायला लागतं. त्यावर अ‍ॅम्प्लिफायरखाली महागडे पितळी पाय लावावेत का, असं विचारताय. ते पैसे तूर्त खिशातच राहू द्या. अ‍ॅम्प्लिफायरला अशा हादऱ्यांनी फारसा फरक पडत नाही. सुईचं मात्र कामच हादरे टिपायचं. खाचेतला कोणता आणि फळीतून आलेला कोणता, हे तिला कुठून कळणार? वूफर, म्हणजे स्पीकरमधला खर्जाचा भाग, फळी हलवतो, फळी सुई हलवते आणि तेच पुन्हा मोठं होऊन वूफरमधून येतं.

खात्री करून घ्या. मोटर बंद ठेवून थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवा, आवाज हळूहळू नेहमीएवढा करा (हात बटणावरच असू द्या, एकदम किंचाळू शकतं) आणि शोकेसवर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून 'ठक' ऐकू आलं की समजा, हादरा फळीतूनच येतोय. मग स्पीकर वेगळ्या स्टँडवर घ्या. निम्म्याहून जास्त दुखणं बहुधा तिथेच जाईल.

उरलेल्यासाठी माझा जुना उपाय: मार्बलवाल्याकडून टर्नटेबलच्या मापाचा कडप्पा कापून आणा, त्याखाली लहान मुलांच्या सायकलची ट्यूब. हवा अगदी बेताची, कडप्पा नुसता तरंगेल इतकीच. घट्ट फुगवलीत तर ट्यूब असून नसल्यासारखीच. वर लेव्हल लावून बघायला विसरू नका.

पातळ रबराच्या चकत्यांवर माझा भरवसा नाही. वजनाने जेमतेम मिलिमीटरभर दबणारं रबर हिशेबाने 16 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सोळाएक वेळा, स्वतःच डोलतं, त्यामुळे पावलांचे संथ धक्के ते अडवत नाही. सेंटिमीटरभर दबणारं असेल तर हाच आकडा 5 वर येतो. टोनआर्म-कार्ट्रिजची (सुईचा दांडा आणि त्याच्या टोकाची सुई बसवलेली डबी) स्वतःची डोलण्याची जागा साधारण 8 ते 12 हर्ट्झ, तिच्यापासून लांब राहिलेलं बरं.

लाकडी जमीन असेल तर मात्र ट्यूबही पुरत नाही. आम्ही वाड्यात वरच्या मजल्यावर राहायचो तेव्हा कुणी पाणी प्यायला उठलं तरी सुई उडायची. शेवटी जाड भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी टाकली, तेव्हा थांबलं.

आणि ऐकताना वरचं प्लास्टिकचं झाकण काढून ठेवा, मोठ्या आवाजात तेही थरथरतं. ऐकून झालं की लगेच लावा, नाहीतर धुळीची चरचर सुरू होईल.