चुकीच्या संस्थेत गेले तर?

"देव बोलावतोय एवढं नक्की वाटतं ताई, पण कुठं ते कळत नाही, आणि चुकीच्या संस्थेत गेले तर?" सिस्टर व्हायचं मनात असलेल्या, पण सिस्टर्सच्या कुठल्या संस्थेत जावं ते ठरत नसलेल्या मुली माझ्याकडे बोलायला येतात, त्यांच्याकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकते. खालची गोष्ट एका मुलीची आहे, तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

ती आली आणि तिनं आधी लॅपटॉपच उघडला. एक्सेल शीट, नऊ संस्था, पुढे रकाने, म्हणजे प्रार्थनेचे तास, काम काय, हॅबिट म्हणजे सिस्टरांचा झगा आहे का, वयाची अट, आणि शेवटी मार्क. पहिल्या नंबरवर एक कार्मेल मठ, म्हणजे बाहेर न पडता प्रार्थनेत आणि मौनात राहणाऱ्या सिस्टर्सचा, दुसऱ्यावर आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा करणारी एक संस्था, फरक दोन मार्कांचा. दोन्हीकडे ती आठवडाभर राहून आलेली. "दोन मार्कांवर आयुष्य कसं ठरवू?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

पहिल्या दोन-तीन भेटी मी फक्त ऐकलं. कार्मेलचा विषय निघाला की त्याग, मौन, संत तेरेजा, सगळं भरभरून. मी विचारलं, "तिथं भांडी कोण घासायचं?" आठवेना. जेवताना शेजारी कोण असायचं, तेही आठवेना. सात दिवस राहून आली होती आणि तिथला एकही चेहरा तिच्या लक्षात नव्हता.

दुसरीकडचं विचारलं तर आवाज एकदम खाली आला. तिथं एक म्हाताऱ्या सिस्टर रोज संध्याकाळी तिच्याकडून सुई ओवून घ्यायच्या, दिसत नव्हतं म्हणून, आणि ओवून दिली की सुई उजेडाकडे धरून दोरा बोटानं चाचपून बघायच्या, मगच थँक्यू म्हणायच्या. एका सकाळी गाडी कोण नेणार यावरून दोन सिस्टर्सची चांगलीच जुंपली, आणि संध्याकाळी चॅपेलच्या दारात एकीनं दुसरीचा हात धरला, दोघी तशाच आत गेल्या.

"तेव्हा तुला काय वाटत होतं?"

"विशेष काही नाही. घरी असल्यासारखं."

"मग याला किती मार्क दिलेस?"

ती शीटकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "याचा रकानाच नाहीये ताई. ते फार साधं होतं. मला वाटलं देवासाठी काहीतरी अवघड करायला हवं."

मी त्या दिवशी पुढे काहीच विचारलं नाही, मुद्दाम. इतकी वर्षं हे काम करून मला एवढं नक्की कळलंय की माणसाचं असं वाक्य बाहेर आलं की त्यावर आपलं वाक्य ठेवायचं नसतं. अवघड ते देवाचं आणि सोपं ते आपल्या मनाचं, हा हिशोब मी कित्येकांच्या मनात बघितलाय, आणि तो संस्था निवडताना सगळ्यात जास्त घोळ घालतो.

मी जेझुइट संघ सुरू करणाऱ्या संत इग्नेशियसच्या वाटेनं जाणारी आहे, ते लपवत नाही. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडून तो अंथरुणावर पडला होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शूरवीर व्हायची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की आनंद मागे राहतो. म्हणून पुढच्या भेटीत मी तिला परत आल्यानंतरचं विचारलं. कार्मेलहून आल्यावर दोन दिवस हवेत होती, मग कोरडं वाटलं, आईवर उगाच चिडचिड. दुसरीकडून आल्यावर? "आजीजवळ रोज बसायला लागले. अजून बसते."

याचा अर्थ सेवा बरी आणि मठ नको असा अजिबात काढू नका. एका नर्सला मी याच प्रश्नांतून मठाकडे जाताना बघितलंय, सगळे तिला कौशल्य वाया जाईल म्हणत होते. लिज्यूची संत तेरेजा १८८८ मध्ये १५ व्या वर्षी कार्मेलमध्ये गेली ती मरेपर्यंत बाहेर पडली नाही, आणि १९२७ मध्ये चर्चनं तिलाच मिशन्सची, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामाची, आश्रयदाती संत ठरवलं.

आणि चुकायची एवढी धास्ती कशाला? दार पहिल्या दिवशी बंद होत नाही. चर्चच्या कायद्यानं नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा शिकण्याचा काळ, किमान १२ महिने, मग तात्पुरती व्रतं ३ ते ६ वर्षं, लागलं तर वाढवून ९ पर्यंत. मठवासी सिस्टर्सची तर सगळी तयारीच २०१८ च्या नियमांनी किमान ९ वर्षांची आहे. या काळात संस्थाही तुम्हाला पारखत असते. संत अंतोनी आधी ऑगस्टिनियन संघात होते, १२२० मध्ये फ्रान्सिस्कन संघात गेले. मदर तेरेसा १९२८ मध्ये लोरेटो सिस्टर्सच्या संस्थेत गेल्या आणि १९४८ मध्ये तिथून बाहेर पडल्या, त्या वीस वर्षांना चूक कोण म्हणेल?

जाल तेव्हा सणाच्या दिवशी जाऊ नका, कामाच्या दिवशी जा. आजारी, थकलेल्या सिस्टर्सना कसं वागवतात आणि सोडून गेलेल्यांबद्दल काय बोलतात ते कान देऊन ऐका. एखादी सिस्टर आवडली म्हणून तिची संस्था निवडू नका, तिची उद्या बदली होईल. आणि कुणी आत्ताच्या आत्ता हो म्हणायला लावत असेल तर तिथून सरळ घरी या.

ती मुलगी आता त्या दुसऱ्या संस्थेत नोव्हिशिएटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कार्मेलवरच्या प्रेमाचं काय झालं ते मी विचारलं नव्हतं, तिनंच पत्रात लिहिलंय, की पहाटेची अर्धा तास शांत बसायची सवय ती तिथून घेऊन आली आणि इथं ती तिच्या फार उपयोगी पडतेय.