पतसंस्थेचे संगणक लिनक्सवर न्यावेत का? सॉफ्टवेअरवाला डेटा देत नसेल तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत गणपती पेठेत मुख्य कार्यालय, तीन शाखा, मिळून 14 संगणक, सगळे विंडोज 10 वर. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर देणारा नवी आवृत्ती आणि वाढीव वार्षिक देखभाल मागतोय. डेटा मागितला की ‘तो आमच्या फॉरमॅटमध्ये आहे’ म्हणून टाळतोय. संचालक म्हणतात, विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाका आणि कटकट मिटवा.

लिनक्स टाका, पण सगळ्यात शेवटी. तुमची मानगूट विंडोजच्या हातात फारशी नाहीच. ती डेटाबेस, जुने मराठी फाँट आणि व्याजाचे नियम ज्या कोडमध्ये गाडलेत तो कोड, या तिघांच्या हातात आहे. आधी लिनक्स टाकलं तर पहिल्याच सोमवारी काउंटरवर पासबुक छापायचं अडेल आणि तेच संचालक ‘विंडोज परत आणा’ म्हणतील.

पहिलं काम, सर्व्हर (सगळा डेटा जिथे साठतो तो संगणक) कुठे आहे ते बघा. तुमच्याच कार्यालयात असेल तर निम्मी लढाई जिंकलेली आहे. अशा सॉफ्टवेअरखाली बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस असतो, आणि तीही त्याची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती. ‘आमचा फॉरमॅट’ म्हणजे प्रत्यक्षात एक एमडीएफ (डेटाची) आणि एक एलडीएफ (बदलांच्या नोंदीची) फाइल. त्याचा पूर्ण बॅकअप घेतला की डॉट बॅक नावाची एकच फाइल तयार होते. ती दुसऱ्या संगणकावर एक्सप्रेस टाकून रिस्टोअर करता येते. अट एवढीच की तिथली आवृत्ती तीच किंवा त्याहून नवी हवी. 2019 चा बॅकअप 2016 वर चढत नाही. रिस्टोअर झाला की डीबीव्हर नावाच्या मुक्त साधनाने एकेक टेबल सीएसव्हीमध्ये, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, काढता येतं. विक्रेत्याने प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्रॅम) एन्क्रिप्ट केल्या असतील तर त्यांचा कोड दिसत नाही, पण टेबलांमधला डेटा दिसतो.

‘एसए’ चा, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड फक्त विक्रेत्याकडे असेल तरी मार्ग आहे, आणि तो मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलेला आहे. सर्व्हरवर विंडोजचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून शिरायचं, एसक्यूएल सेवा सिंगल यूजर मोडमध्ये (एका वेळी एकालाच जोडू देणाऱ्या अवस्थेत) सुरू करायची आणि स्वतःला सिसअ‍ॅडमिन हक्क द्यायचे. पण हे करण्याआधी करार वाचा, संचालक मंडळाचा ठराव घ्या, सुट्टीच्या दिवशी करा, आणि त्याआधी सर्व्हर बंद करून दोन्ही फाइलींची प्रत बाजूला ठेवा. काउंटर चालू असताना असले प्रयोग करणाऱ्याला खुर्चीवरून उठवा.

एक्सप्रेसबद्दल आणखी एक गोष्ट. 2008 आर2 पासून 2022 पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे. ती भरली की नव्या नोंदी घेणं बंद होतं आणि तेव्हाच ‘मोठी आवृत्ती घ्या’ असा निरोप येतो. घेण्याआधी कोणती टेबलं जागा खातात ते बघा. पुष्कळदा सभासदांचे फोटो, सह्यांचे स्कॅन आणि कोण कधी लॉगिन झालं याच्या नोंदी हेच भरताड निघतं. खातावणीला त्या मानाने जागा थोडी लागते. शिवाय एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी बॅकअप घेणारा एजंट नसतो. ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावावं लागतं. ‘बॅकअप रोज होतोय’ असं कुणी म्हणालं तर शेवटच्या फाइलची तारीख दाखवायला सांगा.

आणि सर्व्हर तळमजल्यावर असेल तर बाकी सगळं सोडून तो आधी वर न्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 ची. बॅकअपची एक प्रत 7-झिपने एईएस-256 पासवर्ड घालून दर आठवड्याला नदीपासून लांब, जत किंवा विट्याच्या बाजूला ठेवा.

आता मराठी नावांचा विषय, आणि खरी डोकेदुखी इथेच आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांची नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या संकेतात, नसतात. ती श्रीलिपी, आयएसएम या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरचे डीव्ही-टीटी किंवा तसल्याच एखाद्या फाँटच्या संकेतात असतात. म्हणजे डेटाबेसमध्ये ‘पाटील’ नसतंच; तिथे रोमन अक्षरं, अपूर्णांक, पौंडाची खूण अशी खिचडी असते आणि तो फाँट लावला की ती पाटीलसारखी दिसते. फाँट काढला की सभासद गायब. डेटा तुमच्या हातात आला तरी तो वाचता येत नाही, म्हणजे अडकणं कायम. हे कुलूप लिनक्स टाकून उघडत नाही.

रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण प्रत्येक साधन ठरावीक फाँटसाठीच असतं. नुसतं ‘श्रीलिपी’ सांगून भागत नाही, फाँटचं पूर्ण नाव आणि क्रमांक हवा, कारण आवृत्तीनुसार संकेत बदलले आहेत. सगळी नावं एकदम टाकण्याआधी एक परीक्षा घ्या: कुलकर्णी, सूर्यवंशी, शिंदे, मिरज, ज्ञानेश्वर, श्रीरंग, क्षीरसागर, कऱ्हाड, कुऱ्हाडे, काळे. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार मात्रेच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. साधन कच्चं असेल तर कुलकर्णीचं ‘कुलकणीर्’ होतं, जे तुम्ही जुन्या वेबसाइटींवर पाहिलं असेल. कऱ्हाडमधला अर्धा र तर दोन प्रकारे साठवता येतो: ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. त्यामुळे सगळीकडे एकच पद्धत ठरवून घ्या.

नवा रकाना एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर तो ‘एनव्हारचार’ (युनिकोड साठवणाऱ्या) प्रकारचा हवा. साध्या ‘व्हारचार’ मध्ये मराठी घातलं की नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. आणि ती झाली की मूळ अक्षरं परत येत नाहीत. म्हणून रूपांतर झालेलं नाव नव्या रकान्यात ठेवा, जुना रकाना निदान एक ऑडिट होईपर्यंत पुसू नका.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडायची नाही, ही गोष्ट प्रत्येक शाखेच्या लिपिकाला सांगा. खाते क्रमांकाच्या पुढची शून्यं जातात, 15 पेक्षा जास्त अंकी आकड्यांचे शेवटचे अंक शून्य होतात, 12 अंकी आधार क्रमांक घातांकात दिसतो, आणि तारखांत दिवस-महिन्याची अदलाबदल झाली तर ती कुणाच्या लक्षातही येत नाही. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमधलं कॅल्क मात्र फाइल उघडताना आधी विचारतं. तिथे यूटीएफ-8 (युनिकोड) निवडा आणि क्रमांकाचे रकाने ‘मजकूर’ करा.

डेटा पूर्ण आला का हे तेरजेवरून, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या तक्त्यावरून, ठरवायचं. 31 मार्चची तेरीज, योजनावार ठेवींची बेरीज, कर्जाची बाकी, भागांची एकूण रक्कम, खात्यांची संख्या, सगळं पैशापर्यंत जुळलं पाहिजे. मग 50 खाती कुठूनही उचला, त्यात पिग्मी आणि थकीत कर्जं जास्त घ्या, आणि पासबुकाशी ताडून बघा.

इतकं जुळल्यावरही एक गोष्ट हाती येत नाही, ती म्हणजे नियम. व्याज रोजच्या बाकीवर की महिन्यातल्या किमान बाकीवर, पैसे कुठे गोल करायचे, मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला कोणता दर, हप्ता आला की आधी खर्च, मग दंडव्याज, मग व्याज, मग मुद्दल, की आणखी काही. हे डेटात नसतं, कोडमध्ये असतं, आणि बऱ्याच संस्थांत ते कागदावर कुठेच नसतं. व्यवस्थापकाला बसवून हे लिहून काढा. दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर जायचं तर याच कागदावर गाडी अडते. नवं सॉफ्टवेअर जुन्याच्या जोडीने निदान एक तिमाही चालवा, मध्ये व्याज आकारणी आलीच पाहिजे.

‘मग मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेलं) बँकिंग सॉफ्टवेअर का नाही?’ हा प्रश्न संचालक विचारतीलच. अपाचे फिनेरॅक्ट आहे, परवाना उदार आहे, सूक्ष्म कर्जांसाठी जगभर वापरलं जातं. पण पिग्मी एजंटाचं यंत्र, मराठी पासबुक, सहकार कायद्याच्या कलम 101 च्या वसुलीची कागदपत्रं, आपल्याकडच्या लेखापरीक्षणाचे तक्ते हे सगळं बांधून घ्यावं लागेल. तीन शाखांच्या संस्थेने एकट्याने या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जिल्ह्यातल्या दहा-पंधरा पतसंस्था एकत्र येऊन खर्च वाटून घेणार असतील तर वेगळा विचार. ईआरपीनेक्स्टही जीपीएल 3 या मुक्त परवान्यावर आहे, पण तो हिशोब आणि साठ्यासाठी, ठेवी-कर्जांसाठी नव्हे.

मुक्त स्रोतातही अडकता येतं, हे सहसा कुणी सांगत नाही. जीपीएलखाली कोड द्यायची सक्ती होते ती सॉफ्टवेअर तुमच्या हातात दिलं तर. विक्रेत्याने त्यात बदल करून ते स्वतःच्या क्लाउडवर चालवलं आणि तुम्हाला फक्त ब्राउझर दिला, तर बदललेला कोड मागायचा हक्क साध्या जीपीएलमध्ये येत नाही. तो एजीपीएल या त्याच्याच कडक प्रकारात येतो. म्हणून करारात लिहून घ्या: आमच्यासाठी केलेले बदल कोडसह मिळतील, दर महिन्याला पूर्ण डेटा डंप आमच्या डिस्कवर येईल, टेबल-रकान्यांचं वर्णन सोबत असेल, प्रशासक पासवर्ड पाकिटात बंद करून आमच्या तिजोरीत राहील, करार संपल्यावर तीन महिने स्थलांतराला मदत मिळेल आणि त्याचा दर आजच ठरेल. आत्ताच्या विक्रेत्याशीच राहणार असाल तरी वाढीव देखभालीवर सही करण्याआधी हीच कलमं घाला. सहीच्या आधी तुमचं वजन असतं, नंतर नसतं.

आता विंडोज. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, ऑफिस 2016 आणि 2019 चाही त्याच दिवशी. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा सुविधा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. संस्थांना पैसे भरून सुरक्षा सुधारणा जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. पहिल्या वर्षी एका संगणकाला 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. 14 ही संगणकांना ते भरणं शहाणपणाचं नाही.

संगणकांची विभागणी करा. सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल तर बहुतेक सगळे लिनक्सवर जातील. ईएक्सई, म्हणजे संगणकावर बसवलेला विंडोजचा प्रोग्रॅम, असेल तर काउंटरचे आणि सर्व्हरचा असे जितके लागतील तितकेच विंडोजवर ठेवा. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनावर) रोखीचं काउंटर चालवू नका. आज चाललं तरी उद्याच्या अपडेटनंतरची हमी कुणी देत नाही. राहिले पत्रव्यवहार, नोटिसा, सभेची इतिवृत्तं करणारे. त्यांच्यावर आधी विंडोजवरच लिबरऑफिस टाका आणि दोन-तीन महिने जाऊ द्या. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने 2024 मध्ये सुमारे 30,000 संगणकांसाठी हाच क्रम धरला: आधी लिबरऑफिस, मग ईमेल, लिनक्स मागाहून.

लिबरऑफिसमध्ये हमखास अडतं ते दोन ठिकाणी. मराठी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’ गटात येतं, त्यामुळे पर्यायांत तो गट चालू करून मराठी निवडा आणि स्टाइलमध्ये त्याचा फाँट वेगळा ठरवा. नाहीतर इंग्रजीचा आकार बदलतो, मराठीचा तसाच राहतो आणि लिपिक वैतागतो. फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी ठेवा. मंगल विंडोजचा आहे, लिनक्सवर नसतो, त्यामुळे पानं हलतात. दुसरं, थकबाकीदारांच्या नोटिसांचं मेल मर्ज. इथे कॅल्कची यादी आधी डेटा सोर्स म्हणून नोंदवावी लागते, वर्डसारखं थेट बोट दाखवून चालत नाही. एक्सेलच्या मॅक्रोंवर भरवसा ठेवू नका, अर्धेच चालतात.

लिनक्सच्या मिंट 22 या प्रकाराला 2029 पर्यंत आधार आहे. 4 जीबी रॅमवर चालतं, पण जुनी हार्ड डिस्क काढून 256 जीबीची एसएसडी टाका, खरा फरक तिथे पडतो. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून सुरू करून प्रिंटर तपासा. एचपीचे बहुतेक चालतात, काहींना वेगळा प्लगइन लागतो. कॅनन एलबीपी 2900 त्रास देतो. पासबुक प्रिंटरवर मराठी छपाई ग्राफिक्स मोडमध्ये होते, म्हणून तो विंडोजच्या काउंटरलाच राहू द्या. इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्या लिपिकाला काही शिकावं लागत नाही. रेमिंग्टनवाल्याला लिनक्सच्या आयबस या टायपिंग साधनात मांडणी हिंदीच्या नावाखाली सापडेल, पण ती मराठी टाइपरायटरशी तंतोतंत जुळेलच असं नाही. त्याला आधी बसवून बघा, मगच त्याचा संगणक बदला.

दुरुस्तीला माणूस कोण, हे आधी ठरवा आणि परवान्यातून वाचलेले पैसे त्यालाच द्या. विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, बसवायला मदत मिळू शकते. पण विद्यार्थी पास होऊन जातात. वार्षिक करार स्थानिक दुरुस्तीवाल्याशीच करा.

शेवटी एसएमएस. खात्यात रक्कम जमा झाल्याचे संदेश ज्या सहा अक्षरी हेडरने जातात, त्याची डीएलटी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची यंत्रणा) नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. विक्रेत्याच्या नावावर असेल तर त्याला सोडल्या दिवशी संदेश बंद. संस्थेच्या नावाने स्वतंत्र नोंदणी करून हेडर आणि मजकुराचे नमुने मंजूर करून घ्या; मंजुरीला वेळ लागतो, म्हणून विक्रेत्याकडे डेटा लेखी मागण्याआधीच हे सुरू करा.