प्रकाशवर्ष, पार्सेक आणि आपली मजल

प्रश्न असा आहे : ‘हा तारा कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी नष्ट झाला’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ताऱ्यांची अंतरं मोजायचं दुसरं माप, पार्सेक, त्याला मराठी शब्द कोणता?

वाक्य चूकच. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर, सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर. त्याला ‘पूर्वी’, ‘नंतर’ लागत नाही. ‘दूर’, ‘लांब’, ‘अंतरावर’ लागतं.

घोटाळा समासातला आहे. शेवटचं पद ‘वर्ष’ असल्यामुळे कान काळ ऐकतो. पण नीलकंठ म्हणजे जसा निळा गळा नव्हे, तसं प्रकाशवर्ष हे वर्ष नव्हे. खरा अर्थ, म्हणजे ‘अंतर’, दोन्ही पदांच्या बाहेर आहे. वळण बहुव्रीहीचं. गोंधळाला खगोलाचीही थोडी फूस आहे म्हणा : 500 प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याचा आज दिसणारा प्रकाश 500 वर्षांपूर्वीच निघालेला असतो. आकडा तोच, पण एकीकडे अंतर, दुसरीकडे काळ.

खरं तर काळावरून अंतर सांगणं मराठीला नवं नाही. ‘मजल’ म्हणजे दिवसभराच्या चालीत होणारा पल्ला. ‘मजल दरमजल’ म्हणताना आपण दिवस मोजत नाही, वाटच मोजतो. प्रकाशवर्ष ही प्रकाशाची वर्षभराची मजल.

सूर्यमालेत मात्र हे माप फारच ढोबळ. तिथे खगोलीय एकक वापरतात : पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर, साधारण 15 कोटी किलोमीटर. 2012 पासून त्याची किंमत व्याख्येनेच 149,59,78,70,700 मीटर अशी पक्की केली आहे.

पार्सेक हा जोडशब्द आहे, पॅरॅलॅक्स आणि सेकंद यांचा. 1913 मध्ये हर्बर्ट हॉल टर्नर यांनी तो सुचवला. यातला सेकंद घड्याळाचा नव्हे, कोनाचा. आपल्याकडे त्याला ‘विकला’ हा शब्द आहेच (अंशाच्या 60 कला, कलेच्या 60 विकला). पॅरॅलॅक्सला, म्हणजे बघायची जागा बदलली की वस्तू सरकल्यासारखी दिसते त्याला, मराठीत ‘पराशय’ म्हणतात. ज्या अंतरावरून पाहिलं तर एक खगोलीय एकक एवढी लांबी एक विकलेच्या कोनात मावते, ते एक पार्सेक, म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, 4.24 प्रकाशवर्षांवर, म्हणजे 1.3 पार्सेकवर आहे.

‘पराविकला’ असा शब्द घडवता येईल, पण त्यातून पुन्हा कोनाचाच भास होईल. मी तरी पार्सेकच लिहितो. किलोपार्सेक, मेगापार्सेकही त्याला विनासायास जोडता येतात.