आईला मोरीत गोम चावली, पाय सुजलाय. काय करावं?

आधी घाबरू नका. मोठ्या माणसाला गोमेच्या विषाने जिवाला धोका होणं फार दुर्मीळ आहे. पण वेदना खऱ्या असतात, आईंना "एवढंसं तर चावलंय" म्हणू नका.

जखम साबण-पाण्याने नीट धुवा. मग पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवा. मधुमेह असेल तर पायाला चटका कळेलच असं नाही, म्हणून पाणी आधी स्वतःच्या कोपराने तपासा. गरम नको वाटलं तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. चुना, रॉकेल, ब्लेडने चिरा मारणं, यातलं काहीही करू नका. याने जखम चिघळू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

श्वास लागला, ओठ किंवा चेहरा सुजला, चक्कर आली तर थेट १०८. लहान मूल असेल किंवा लाली दोन दिवसांनी पसरत असेल, तरी दाखवाच.

आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या जुन्या घरात राहतो. पावसाळ्यात विश्वामित्री नदी फुगली की ओल भिंतीत चढते आणि गोमा बाहेर पडतात. फवारणीपेक्षा मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आणि दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, याचाच आम्हाला जास्त उपयोग झाला. ओलं पायपुसणं रात्री उचलून ठेवा, चपला झटकून घाला.